थोरलीची खबर

पाहुणी: इथूनच दिसतं म्हणजे काय, भाऊ? एवढी चढून आले ती काय लांबून छपरं बघायला?

वाटाड्या: छपरंच आहेत मॅडम, दुसरं काय आहे तिथे? चार शेळ्या आणि दोन म्हातारे. फोटो या दगडावरूनच झकास येतो. मागे शिखर, खाली नदी. परवा एक जोडपं आलं होतं, ते तर इथून हलायलाच तयार नव्हतं.

पाहुणी: मला शिखर नकोय. चिमणीचं घर बघायचंय.

वाटाड्या: घर पडलं ना. सांगितलं की तुम्हाला. बर्फानं छप्पर बसलं, मग भिंती बसल्या.

पाहुणी: मग पडलेलं बघते! मागच्या वर्षी दीड महिना ती पोर माझ्या अंगाखांद्यावर होती, भाऊ. माझं बोट धरल्याशिवाय झोपायची नाही. ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ झालीय माझी चिमणी. यंदा तिच्यासाठी म्हणून रजा टाकली, स्वतःच्या हातानं स्वेटर विणला, आणि खाली संस्थेत आले तर सर म्हणतात, ती गेली, राजधानीत मोठ्या शाळेत घातली तिला. आनंदच झाला हो. पण भेट काही झाली नाही. निदान तिचं गाव तरी बघू दे.

वाटाड्या: आईबाप नसलेल्या पोरांची गावं बघू नयेत, मॅडम. नुसता त्रास होतो. आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात. आत्ता मागे फिरलो तर ऊन आहे तोवर खाली पोचू, गरम पाण्यात पाय सोडून बसाल मस्त.

पाहुणी: ती कोण हो? ती बाई बघा, गवताचा भारा टाकून धावत सुटलीय. आपल्याला हाक मारतेय ना?

वाटाड्या: इथली माणसं तशीच. पाहुणा दिसला की धावतात. चला चला, आपण आपले...

आई: दादा! अरे दादा, थांब की! वरच्या शेतातून ओळखलं मी, तुझीच टोपी. कुठाय ती? मागे राहिली का? दमली असेल, सवय गेली असेल चढाची.

(आईची भाषा पाहुणीला येत नाही, पाहुणीची आईला. दोन्ही येतात त्या एकट्या वाटाड्याला.)

वाटाड्या: श्वास घे आधी. केवढी धावलीस.

आई: थोरली कुठाय?

वाटाड्या: ती नाही आली.

पाहुणी: काय म्हणतेय? कोण आहे ही?

वाटाड्या: ही होय? ही त्या चिमणीची लांबची मावशी लागते, मॅडम. चहाला या म्हणतेय.

पाहुणी: अय्या, मावशी? म्हणजे आहे की तिला कुणीतरी! सर तर म्हणाले होते, या जगात तिचं कोणी नाही.

वाटाड्या: लांबची हो. असून नसल्यासारखी.

आई: ही तीच ना रे? जिच्या घरी आहे माझी पोर?

वाटाड्या: तीच.

आई: मग एकटीच कशी आली? येताना घेऊन यायचं होतं की.

वाटाड्या: शाळा असते तिकडे. परीक्षा चालू आहेत. मधूनच उठवून आणता येतं का?

आई: ही एवढ्या लांबून येऊ शकते आणि माझी पोर नाही येऊ शकत?

वाटाड्या: हिला परीक्षा नाही ना. चल, घरी चल. वाटेत उभं राहून बोलायचं का सगळं?

पाहुणी: केवढं बोलतायत! काय काय विचारलं?

वाटाड्या: पाय दुखले का म्हणून विचारतेय.

पाहुणी: किती गोड! सांगा, दुखले थोडे, पण तिला बघून सगळं विसरले.

वाटाड्या: पोर रमलीय म्हणते. सगळं विसरून रमलीय.

आई: सगळं विसरून? बरं. बरं झालं. चला, चहा टाकते.

पाहुणी: भाऊ, हे घर तर चांगलं खणखणीत आहे. पत्रासुद्धा नवा कोरा.

वाटाड्या: हे मावशीचं. पडलं ते पलीकडे, त्या वळणावर. बसा इथे ओट्यावर. पिशवी इकडे द्या.

पाहुणी: नको नको, पिशवीत स्वेटर आहे चिमणीचा. मावशीकडे ठेवला तर पोचवेल का तिला? का संस्थेतच देऊ सरांकडे?

वाटाड्या: सरांकडेच द्या. हिला कुठे ठाऊक राजधानी.

आई: दादा, हिला विचार, कान वाहतो का अजून? थंडी पडली की तिचा डावा कान वाहायचा. मी तेल कोमट करून घालायची.

वाटाड्या: मॅडम, विचारतेय, तुमच्याकडे थंडी किती असते?

पाहुणी: थंडी? छे हो! बारा महिने घामाच्या धारा. पंख्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही.

वाटाड्या: तिकडे थंडी नसतेच म्हणते. कान कोरडा ठणठणीत आहे.

आई: भलं होवो हिचं. आणि जेवते का नीट? पातेलं खरवडून खायची सवय तिला. मी उगाच ओरडायची. हिला म्हणावं, ओरडू नको, खाऊ दे खरवडून.

वाटाड्या: तुम्ही काय खाता तिकडे, असं विचारतेय.

पाहुणी: मी? अहो, माझं डाएटचं खूळ असतं सतत. सकाळी एक सफरचंद आणि रात्री सूप. हसेल ती ऐकून.

वाटाड्या: रोज सकाळी सफरचंद देते म्हणते.

आई: रोज?

वाटाड्या: रोज एक.

आई: मग अंग धरलं असेल. इथे फासळ्या मोजून घ्याव्यात अशी होती. दादा, विचार, रडते का?

वाटाड्या: ते कशाला विचारायचं? परकं माणूस सांगेल का, तुमची पोर आमच्या घरी रडते म्हणून?

आई: तू विचार.

पाहुणी: भाऊ, ती माझ्याकडे अशी टक लावून का बघतेय? काय विचारलं?

वाटाड्या: विचारतेय... चिमणी रडायची का.

पाहुणी: संस्थेत? रडायची ना. सगळीच रडायची, दिवे मालवले की. ही तर फार. मी कुशीत घेतलं की एकच शब्द म्हणत राहायची, झोपेतसुद्धा तोच. मी सरांना अर्थ विचारला तर म्हणाले, आमच्याकडे 'जवळ घे' म्हणायला असं म्हणतात. मग मी आणखी घट्ट घ्यायची.

वाटाड्या: रडायची म्हणते. सुरुवातीला.

आई: माझं नाव काढून?

वाटाड्या: हो.

आई: मी इथं गोठ्यात रडायची, सासूला कळू नये म्हणून. सांग हिला. सांग की मी आई आहे तिची. सांगितलंस ना हिला कधी? का मला बघून ही मोलकरीण समजतेय? आई आहे म्हणावं मी. आई.

पाहुणी: थांबा. थांबा, भाऊ. आत्ता काय म्हणाली ती?

वाटाड्या: काही नाही. चहा निवतोय, प्या म्हणतेय.

पाहुणी: नाही. छातीवर हात मारून म्हणाली. तोच शब्द! चिमणी म्हणायची तो. मी दीड महिना ऐकलाय तो रोज, मला विसरायला होईल का? काय अर्थ आहे त्याचा?

वाटाड्या: तेच की. जवळ घे.

पाहुणी: स्वतःच्या छातीवर हात मारून कोणी 'जवळ घे' म्हणत नाही. भाऊ, माझ्याकडे बघा. आणि ती दारात कोण उभी आहे? ती छोटी? अहो, ही तर हुबेहूब चिमणी! तेच कपाळ, तेच वर आलेले दात. कोण आहे ही बाई?

वाटाड्या: मॅडम, खाली गेल्यावर सांगतो.

पाहुणी: आत्ता!

आई: काय झालं? ही का ओरडतेय?

वाटाड्या: साखर कमी पडली म्हणतेय चहात.

आई: एवढंच ना? आणते की. ओरडायचं काय त्यात?

पाहुणी: सांगा. तिची आई आहे ना ही?

वाटाड्या: आई आहे. आणि माझी बहीण आहे. सख्खी, पाठची. झालं समाधान?

पाहुणी: तुमची बहीण? म्हणजे चिमणी तुमची भाची? आणि संस्थेत तुम्ही रोज भाजीपाला घेऊन यायचात, ती तुमच्याकडे बघून गप्प उभी राहायची, आणि मी... मी तुम्हाला म्हणायची, बघा भाऊ, बिचारी अनाथ पोर!

वाटाड्या: म्हणायचात. रोज म्हणायचात.

पाहुणी: आणि तुम्ही मान डोलवायचात!

वाटाड्या: मग काय करणार? आईबाप असलेल्या पोरांसाठी तुमच्यासारखे पाहुणे डोंगर चढून येतात का? शाळा हवी होती पोरीला. इथे शाळा नाही. सर म्हणाले, पाठव, फुकट शिकवतो, फक्त पाहुण्यांसमोर आई म्हणायचं नाही. मी नेली. इतरांचीही नेली. दोन वेळचं जेवत होती सगळी.

पाहुणी: आणि आता कुठे आहे ती? राजधानीत?

वाटाड्या: नाही.

पाहुणी: मग?

वाटाड्या: एक नवराबायको आले थंडीत. लांबून, समुद्रापलीकडून. त्यांना मूल नव्हतं. घेऊन गेले. सरकारी शिक्के-बिक्के सगळं सरांनी केलं.

पाहुणी: घेऊन गेले? आई जिवंत असताना? असं कसं कोणी नेईल?

वाटाड्या: त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यांच्या मोबाइलवर तुमचाच फोटो होता. ती तुमच्या मांडीवर, आणि खाली तुम्ही लिहिलेलं. मला वाचून दाखवलं त्या बाईनं, रडत होती वाचताना. 'या डोळ्यांचं जगात कोणीही नाही. तुमच्या घरात जागा आहे का?'

पाहुणी: मी... मला सरांनी सांगितलं होतं तसं! मी चांगल्या भावनेनं लिहिलं. हजारो लोकांनी पुढे पाठवलं ते.

वाटाड्या: पोचलं ना मग.

पाहुणी: मला कसं कळणार होतं?

वाटाड्या: विचारायचं होतं. मी रोज दारात होतो. पोरगी तुमच्या मांडीवर होती.

पाहुणी: तिची भाषा मला येत नव्हती, भाऊ!

वाटाड्या: तिचं नावही येत नव्हतं तुम्हाला. उच्चारायला अवघड म्हणून चिमणी केलंत.

आई: ही घे साखर. दादा, ही रडतेय रे! साखरेसाठी कोणी रडतं का? आणि हिला सांग, मी हिला आधी पाहिलंय.

वाटाड्या: कुठे?

आई: खाली, संस्थेत. मी थोरलीला बघायला उतरले होते ना मागे? सरांनी फाटकातच अडवलं, आज पाहुणे आहेत म्हणाले. ही शिडीवर चढून भिंतीवर पिवळी फुलं काढत होती. मला बघून खाली उतरली आणि बिस्किटांचा पुडा दिला हातात. हसली माझ्याकडे बघून. तेव्हाच मनात आलं, बाई मनानं चांगली आहे. म्हणून तर तू म्हणालास, पोर हिच्याकडे दिली, तेव्हा मी गप्प राहिले. दुसऱ्या कुणाकडे म्हणाला असतास तर तुझा जीव घेतला असता.

पाहुणी: काय सांगतेय? आता खरं सांगा. एक शब्दही बदलू नका.

वाटाड्या: म्हणते, तुम्ही भिंत रंगवत होतात तेव्हा ती फाटकाशी आली होती, पोरीला बघायला. तुम्ही तिला बिस्किटं दिलीत.

पाहुणी: हिला? ती ही होती? मला... मला म्हणाले, रोजची भिकारीण आहे, लक्ष देऊ नका. मला वाईट वाटलं, म्हणून मीच पुडा नेऊन दिला. आणि त्या वेळी चिमणी आत होती. पलीकडच्या खोलीत. मी तिला बडबडगीतं पाठ करायला बसवून आले होते.

वाटाड्या: असेल.

पाहुणी: आणि हिला काय सांगितलंय तुम्ही? ही मला सारखं काय विचारत होती?

वाटाड्या: तुमच्या घरी आहे ती, असं सांगितलंय.

पाहुणी: माझ्या? माझ्या घरी?

वाटाड्या: दुसरं कोण होतं ओळखीचं? त्या नवराबायकोचा चेहरासुद्धा हिनं पाहिला नाही. निदान तुमचा पाहिला होता. मला काय ठाऊक, तुम्ही परत उगवाल! तुमच्यातलं कोणी परत येत नाही कधी. सगळे म्हणतात, येऊ येऊ, आणि जातात ते जातातच.

पाहुणी: सांगा तिला. आत्ताच्या आत्ता खरं सांगा.

वाटाड्या: परवा तुम्ही विमानात बसाल, मॅडम. मला इथे राहायचंय. ही माझी बहीण आहे. हिचा नवरा गेल्यापासून हे घर मी चालवतोय. आज ही सफरचंदाचं ऐकून हसली. किती महिन्यांनी हसली, तुम्हाला माहीत नाही. राहू द्या की तेवढं. काय बिघडतंय तुमचं?

पाहुणी: तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते.

वाटाड्या: कोणत्या भाषेत?

पाहुणी: हे बघा. बाई, इकडे बघा. हा फोटो. ही चिमणी. ही... माझ्याकडे नाही. नाही! मी... नाही. माझं घर... नाही.

आई: ही माझी! दादा, माझी थोरली आहे ही! बघ, केस किती बारीक कापलेत. पण ही तर संस्थेतली भिंत. हिच्या घरचा नाही का एखादा? आणि ही मान का हलवतेय अशी? दादा, माझ्या पोरीचा फोटो धरून ही मान का हलवतेय?

वाटाड्या: काही नाही गं.

आई: मेली का माझी पोर?

वाटाड्या: नाही, नाही!

आई: मेली म्हणून आलीय ना ही सांगायला? म्हणून रडतेय?

वाटाड्या: जिवंत आहे! तुझ्या गळ्याची शपथ, जिवंत आहे. खाली बस. बस आधी. ती हिच्याकडे नाही, एवढंच. कधीच नव्हती. दुसऱ्यांनी नेली. समुद्रापलीकडच्या लोकांनी. चांगली आहेत माणसं. मोठं घर आहे. तिला मुलगी करून घेतलंय त्यांनी.

आई: कुणाची मुलगी?

वाटाड्या: त्यांची. कायद्यानं.

आई: आणि मी?

वाटाड्या: सर म्हणाले, आई आहे असं सांगितलं तर नेणार नाहीत. मग त्यांनी सांगितलं की...

आई: की काय?

वाटाड्या: की तू नाहीस.

आई: म्हणजे तिकडे मी मेलेली आहे.

वाटाड्या: तिच्या भल्यासाठी गं. इथे काय होतं तिला? तुझ्यासारखे भारे वाहिले असते जन्मभर.

आई: तू होतास तिथे? ती गेली तेव्हा?

वाटाड्या: होतो.

आई: काय म्हणाली?

वाटाड्या: कशाला विचारतेस?

आई: काय म्हणाली ती?

वाटाड्या: म्हणाली, मामा, आई कधी येणार? मी म्हटलं, तू हो पुढे, ती मागून येतेय. मग बसली गाडीत.

आई: मागून येतेय म्हणालास.

वाटाड्या: दुसरं काय म्हणणार होतो?

आई: म्हणजे ती अजून वाट बघत असेल. त्या लोकांना वाटत असेल, पोर दाराकडे काय बघते सारखी. हा पत्रा त्यातनंच आला का, दादा? थोरलीच्या मामानं पत्रा घातला म्हणून गावभर सांगत फिरले मी. बोल ना. त्यातनंच ना?

वाटाड्या: गळत होतं घर.

आई: गळू द्यायचं होतं.

पाहुणी: भाऊ, कळलं का तिला? सांगा ना, मी शोधून काढीन. मी लिहीन, वकिलांना भेटेन, ज्यांनी ते पुढे पाठवलं त्या सगळ्यांना खरं काय ते कळवीन. हजारो लोक आहेत, कोणीतरी ओळखेलच त्या जोडप्याला. हिचा एक फोटो काढू द्या फक्त. आई जिवंत आहे याचा पुरावा हवा. आणि या छोटीचाही एक, चेहरा जुळतो ना... बाळ, इकडे बघ, इकडे...

आई: धाकटे, आत हो! आत जा म्हणते ना! दादा, ते आधी खिशात घाल म्हणावं हिला.

वाटाड्या: मोबाइल आत ठेवा, मॅडम.

पाहुणी: अहो, पण पुराव्यासाठी...

वाटाड्या: ठेवा आत.

आई: हिला ठाऊक होतं का, मी आहे ते?

वाटाड्या: नव्हतं.

आई: हिनं कधी विचारलं होतं का?

वाटाड्या: नाही.

आई: मग आज कशाला आलीय?

वाटाड्या: मॅडम, विचारतेय, आज कशाला आलात?

पाहुणी: मी... चिमणीसाठी. म्हणजे तिचं गाव बघायला. मला तिची फार आठवण येत होती, सांगा. खरंच येत होती. हा स्वेटर बघा, मी स्वतः विणलाय.

वाटाड्या: आठवण येत होती म्हणते. स्वेटर आणलाय तिच्यासाठी.

आई: हिला आठवण आली तर ही डोंगर चढून माझ्या दारात येऊ शकते. मला आठवण आली तर मी कुठं जायचं, विचार हिला.

वाटाड्या: ते नको विचारायला. तिला उत्तर नाही येणार.

आई: मग तू सांग. आणखी कुणाकुणाची नेलीस?

वाटाड्या: कुणाची म्हणजे?

आई: मघाशी मी साखर आणत होते तेव्हा हिला काय सांगत होतास, बोटं मोजत? मला भाषा येत नाही, पण तुझा चेहरा मी लहानपणापासून वाचतेय. माझी एकटी नाही नेलीस तू. सांग.

वाटाड्या: वरच्या वाडीतली. नदीपलीकडची दोन घरं. लोहाराची पोरं.

आई: लोहाराची बायको अजून सांगते, माझी मुलं शहाणी होऊन येतील. ती आहेत का खाली अजून?

वाटाड्या: आहेत. बहुतेक सगळी आहेत.

आई: बहुतेक?

वाटाड्या: धाकट्याला कोणीतरी बघून गेलंय म्हणे. नक्की नाही काही.

आई: उठ.

वाटाड्या: कुठे?

आई: एकेका घरी. लोहाराकडे पहिले. तू सांगायचंस, मी शेजारी उभी राहीन. सगळ्या आयांना घेऊन खाली उतरायचं आणि आपापली पोरं बाहेर काढायची. बघू फाटक कोण अडवतं.

वाटाड्या: मला जिवंत सोडतील का ती माणसं?

आई: ते त्यांना विचार. मेल्यावरही चालतं-फिरतं राहता येतं, दादा. माझ्याकडे बघ.

पाहुणी: काय चाललंय? कुठे निघालात? भाऊ, सांगा ना!

वाटाड्या: बाकीच्या पोरांच्या घरी. खाली जाऊन मुलं परत आणायची म्हणतेय.

पाहुणी: मग मी पण येते! मी सरांसमोर बोलेन. माझं ऐकावंच लागेल त्यांना, मी संस्थेसाठी एवढं केलंय. सांगा तिला, मी तिच्या बाजूनं आहे.

वाटाड्या: यायचं म्हणते. सरांशी भांडेन म्हणते.

आई: नको. हिच्या पायानं जायचं म्हटलं तर लोहाराच्या दारातच अंधार पडेल.

वाटाड्या: नको म्हणते, मॅडम. चालायचं लांब आहे.

पाहुणी: मग मी काय करू? मी एकटी खाली कशी जाऊ? मला वाटसुद्धा माहीत नाही.

वाटाड्या: बये, हिचं काय करायचं? हिला एकटीला वाट नाही सापडणार. दरीत जायची कुठेतरी.

आई: आपण येईतोवर बसू दे ओट्यावर. घोंगडी दे अंगावर घ्यायला. चहा उरलाय, तो पिऊ दे. आत्याबाई! ऐकताय ना? मी लोहाराकडे जाऊन येते. आतून कडी घाला, आणि मी हाक मारेपर्यंत काढू नका.

वाटाड्या: ही घोंगडी घ्या, मॅडम. आम्ही येईतोवर इथेच बसा. वेळ लागेल.

पाहुणी: इथे? ओट्यावर? केवढा वारा सुटलाय हो. भाऊ, ते दार का लावलं? मी आत बसले असते ना, त्या आतल्या म्हातारीपाशी, गुपचूप. मी काही करणार नाही. सांगा ना तिला.

वाटाड्या: आत धाकटी आहे, मॅडम.